तपासले, शां. पा.

५ ऑक्टोबर, रविवार

आज उपासनेनंतर पंचांची बैठक झाली आणि माझ्या गळ्यात एक झेंगट येऊन पडलं.

आमच्या चर्चला नवे पाळकसाहेब आलेत, जगदीश नावाचे, वय वर्षं एकतीस. दाढी कोरलेली, पायात पांढरे बूट. त्यांच्या सुपीक डोक्यातून निघालेली कल्पना अशी, की दर मंगळवारी संध्याकाळी कर्जत स्टेशनबाहेर आपली तरुण पोरं रॅप म्हणून सुवार्ता सांगतील. रॅप! एक्केचाळीस वर्षं मी या चर्चात पेटी वाजवतोय. मला वाटलं कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. सेक्रेटरी तर वहीत लिहून घेत होता.

'तरुण पोरं' म्हणजे किती, तर दोन. एक वनिता. पळसदरीच्या वरच्या वाडीतली ठाकर आदिवाशांची पोरगी, कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये चादरी बदलते. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलाय, अजून गीताचं पुस्तक धड उघडता येत नाही. दुसरा कपिल. तो तर आपला नाहीच. बौद्धवाडीतला, जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावतो. मी विचारलं, याचं आपल्यात काय काम? पाळकसाहेब म्हणाले, "त्याला बीट बनवता येतं, काका." म्हणजे उद्या कावळ्याला ओरडता येतं म्हणून त्याला गायनमंडळात घ्या.

पंचांना भीती, की ही पोरं भर रस्त्यात काही वेडंवाकडं बोलतील, कोणी म्हणेल धर्मांतर करतात, आणि नस्ती आफत यायची. तेव्हा एका जबाबदार माणसानं सोबत जायचं, प्रत्येक गाणं आधी वाचायचं, चुकीचं ते खोडायचं आणि खाली सही करायची. तो जबाबदार माणूस मी. नाताळच्या उपासनेत त्यांना वीस मिनिटं द्यायची की नाही, हे माझ्या अहवालावर ठरेल. नाताळातली वीस मिनिटं म्हणजे माझी तीन गीतं. बघतोच.

सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "जा की. घरात बसून माझ्या भाकरीला नावं ठेवता, त्यापेक्षा बरं."

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला तमाशा पार पडला.

जागा: स्टेशनबाहेर एक झेरॉक्सचं दुकान कायमचं बंद पडलंय, त्याच्या शटरपुढं. सामग्री: कुकरएवढा एक स्पीकर आणि लग्नात आहेर पुकारायला घेतात तसला माईक. वनिता रिसॉर्टच्या निळ्या कपड्यातच आलेली, वासही फिनेलचा. श्रोते अकरा. त्यातले सात वडापाव खायला थांबलेले, दोन कुत्री. कुत्री धरून अकरा.

गाणं म्हणावं असं त्यात काही नाही. सूर नाही, आलाप नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला. तिची दोनशे पानी वही मी आधीच तपासली होती. उतरवून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की पाटोळ्यानं खोटं लिहिलं:

मालक म्हणं उद्या ये, दुकानदार म्हणं रोख दे,
डॉक्टर म्हणं पनवेलला ने, कोन म्हणं का आत ये?
त्यानं म्हटला, आत ये. चपला नाय? तशीच ये.
प्यायलाय? बस पायरीवर. उतरली का मग आत ये.

मी शेवटची ओळ लाल शाईनं खोडली. प्रभू येशू दारुड्याला पायरीवर बसवतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तिला विचारलं. पोरगी म्हणते, "आबा, पायरीवर बसवला म्हंजे हाकलला नाय ना. जागा दिली त्याला."

आबा! मी कोणाचा आबा? रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला ही आबा म्हणते. खाली लिहिलं: 'तपासले. शां. पा.'

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खोडलेली ओळ तिनं पुन्हा म्हटली. माझ्या तोंडावर. मी सहा फुटांवर उभा.

कारणही कळलं. बंद दुकानाच्या पायरीवर एक लाल टोपीवाला येऊन बसला होता. गेल्या मंगळवारीही होता. तिशीतला, अंगावर सिमेंट उडालेलं, डोळे तांबारलेले. धंदा सांगायला नको. ती 'बस पायरीवर' म्हणताना सरळ त्याच्याकडंच बघते, आणि तो मान खाली घालून हसतो. गाणं संपल्यावर त्याला वडापाव नेऊन देते, वर पाणी. चार लोकांत! याला काय सुवार्ता म्हणायचं?

कपिल वायरी गुंडाळताना म्हणाला, "काका, त्याला वळखत नाय का तुमी? तो..."

"मला ओळखायचं कारण काय?" मी म्हटलं. तिथंच विषय संपवला. असल्या लोकांच्या ओळखी ठेवून आपल्याला कुठं जायचंय.

बाय द वे, आमच्या पंचांपैकीही दोघं शनिवारी पितात. पण ते पनवेलला जाऊन, सभ्यपणे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

गेल्या मंगळवारी दिवाळी म्हणून सुट्टी होती. आज चाळीसेक माणसं. कॉलेजची पोरं मोबाईल वर धरून उभी. कोणत्याही गोष्टीला गर्दी होते. म्हैस नाल्यात पडली तरी होते.

एक गोष्ट मात्र मला सहन होईना. दुसऱ्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीला वनिता दर वेळी ठेक्याच्या पुढं पळते. दोन मंगळवार दात ओठ खाऊन ऐकलं. आज शेवटी कपिलला म्हटलं, अरे, तिथं एक मात्रा रिकामी सोड, पोरीला श्वास घ्यायला जागा नको का? त्यानं लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि लावलं. ओळ कशी खुंटीवर टांगल्यासारखी बसली. कपिल म्हणतो, "काका, तुमी तर उस्ताद निघालात!" वनिता नुसती हसत सुटली. "आबाला येतंय की! आबा, तुमीच बसा माईकवर."

अज्ञानी लोकांनी केलेली स्तुती म्हणजे गाढवानं गुळाला दिलेलं प्रमाणपत्र. तरी नोंद असू द्यावी की आज जे काही बरं झालं ते माझ्यामुळे.

परत येताना वडेवाला विचारत होता, नात का हो तुमची? छे, म्हटलं. काय लोक असतात.

घरी सुनंदा ओरडली, ताटावर बोटं काय आपटताय, आमटी सांडली.

९ नोव्हेंबर, रविवार

माझा अहवाल मागितलासुद्धा नाही!

पाळकसाहेबांनी आज व्यासपीठावरून जाहीर केलं, की नाताळला वीस मिनिटं नव्हे, अर्धी उपासना मंगळवारच्या गटाकडं. तरुणांनी टाळ्या वाजवल्या. चर्चात टाळ्या! माझ्या नऊ गीतांची चार राहिली. वडील वारले त्या वर्षीही नाताळची नऊ मी चुकवली नव्हती. दोन बोटांना प्लास्टर होतं तेव्हा आठ बोटांनी वाजवलीत. बाहेर आल्यावर वनिता पुढं येऊन म्हणते, "आबा, तुमची पेटी घेऊ ना आमी गाण्यात. कपिल म्हणतो लय भारी वाटंल."

माझी पेटी हे 'घेणार'. कानामागून आली आणि तिखट झाली. मी काही बोललो नाही. साक्षीची वेळ झाली की रविवारी लोक उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, मी पेटीवर हळू सूर धरून बसतो. एक्केचाळीस वर्षांत एकदाही उठलो नाही. मला बोलून दाखवायची सवय नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

पत्र लिहिलं. सेक्रेटरीच्या नावानं, खाली 'एक हितचिंतक'.

यात वावगं काही नाही. आमच्या मंडळीत निनावी पत्रांची जुनी परंपरा आहे. मागचे दोन पाळक पत्रांनीच गेले. मजकूर मुद्देसूद आहे: 'सदर मुलगी रस्त्यावर गाण्याच्या निमित्ताने दारुड्या पुरुषांना भुलवून आपल्याभोवती गोळा करते व त्यांना खाऊ घालते. यामुळे मंडळीच्या नावास काळिमा लागत आहे.' 'भुलवून' या शब्दावर थोडा थांबलो होतो. पण त्याशिवाय वाक्याला जोर येईना.

अक्षराची चिंता नाही. चर्चातल्या फळ्यावर मी फक्त गीतांचे आकडे लिहितो. आकड्यांवरून कोण ओळखणार? सुनंदा भाजी निवडत होती, तिनं विचारलं, कोणाला एवढं लिहिताय? म्हटलं, पेन्शनचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

सेक्रेटरी अकलेचा कांदा. माझं पत्र बैठकीत वाचायचं सोडून त्यानं त्याचा फोटो काढला आणि 'या वृत्तीचा निषेध' म्हणून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून ते पत्र कुठं कुठं फिरलं देव जाणे.

आज गट पहिल्यांदाच खालापूरच्या बाजारात गेला होता. लाल टोपीवाला तिथंही हजर, एसटीनं आलेला. दारुड्यांना आता प्रवासाचीही हौस. दुसरं कडवं चालू असताना पाच-सहा जण पुढं आले. एकानं माईक हिसकावला. "आदिवाशांना फूस लावता काय? तुमच्याच लोकांनी लिहिलंय, हे बघा!" आणि मोबाईलवर माझं पत्र. लाल टोपीवाला मधे पडला, त्याला दोन बसल्या. मग सगळी वरात पोलीस ठाण्यात.

साहेब शांत माणूस होता. त्यानं फोटो मोठा करून वनितापुढं धरला. "तुमच्यातल्याच कोणीतरी लिहिलंय. अक्षर ओळखता का?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "आबा, माझी वही द्या." वही माझ्याकडं होती, तपासायला घेतलेली. तिनं मांडीवर उघडली, पानं उलटली, पुन्हा मोबाईलकडं बघितलं, वही मिटली. घाबरली असणार; अशा वेळी माणसाला हातात काहीतरी धरायला लागतं.

"नाय वळखत, साहेब," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. बरंय, पोरगी फार हुशार नाही.

मग साहेब म्हणाले, तुम्ही गाता तरी काय, ऐकू दे. वनिता बोलेना. कपिलला शब्द पाठ नाहीत, तो नुसता ठेकेवाला. शेवटी मलाच म्हणावं लागलं. सत्तरीला आलेला माणूस मी, पोलिसाच्या टेबलावर बोटं आपटत 'मालक म्हणं उद्या ये' पासून सुरू केलं. वही न बघता सगळं म्हटलं. ओघात ती खोडलेली ओळही तोंडातून गेली. कोपऱ्यातला हवालदार फिदीफिदी हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "यात फूस कुठाय? पण आता रस्त्यावर नको. मला रोज हे नाही निस्तरायचं." जबाब झाले, सोडलं.

बाहेर पडल्यावर वनितानं वही पिशवीत घातली आणि म्हणाली, "येते, पाटोळे साहेब."

शेवटी वळण लागलं म्हणायचं. इतके दिवस आबा आबा चाललं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पंचांनी मंगळवार कायमचा बंद केला. नाताळची नऊच्या नऊ गीतं माझी. पाळकसाहेबांचा चेहरा पडलेला होता, पांढऱ्या बुटांवर चिखल.

वनिता आली नव्हती. कपिल बाहेर मोटरसायकलवर थांबलेला. म्हणाला, तिला रिसॉर्टवाल्यांनी कामावरून काढलं. ते पत्र तिथंही पोचलं होतं, 'असली बाई आम्हाला नको' म्हणाले. मी काही रिसॉर्टचं नाव लिहिलं नव्हतं. लोकांनी काय अर्थ काढावा याला मी जबाबदार कसा?

दुपारी जेवण गेलं नाही. सुनंदाच्या आमटीत मीठ जास्त होतं. ती म्हणाली, मीठ घालायचंच राहिलंय.

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी वडा खावासा वाटला म्हणून स्टेशनकडं गेलो. त्या बंद दुकानाच्या पायरीवर लाल टोपीवाला बसला होता. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडं मान वळवून बघत होता. आता गाणं नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही वाटतं. की सांगितलं आणि पटलं नाही. मी वडा संपेपर्यंत थांबलो. तो होताच. मी सांगायला गेलो नाही. आपला संबंध काय?

१६ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा वडा. सुनंदा म्हणते, तुम्हाला तर वड्यानं ॲसिडिटी होते. लाल टोपीवाला आज होता, पण शर्ट मळका आणि बसल्या जागी डोलत होता. मी म्हटलंच होतं, असल्यांची सवय जात नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

नऊ गीतं झाली. एकही चूक नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी ठेका धरला नाही, कोणी मोबाईल वर केला नाही. सगळे पुस्तकात बघून उभे. पुढच्या बाकावरची दोन पोरं पेंगत होती. अशीच उपासना मला हवी होती.

पाचव्या गीतानंतर दारात गडबड झाली. बघतो तर लाल टोपीवाला पायरीवर येऊन बसलेला. वास इथपर्यंत. पंच एकमेकांकडं बघत बसले, कोणाच्यानं उठवेना. शेवटी मीच पेटीवरून उठलो. म्हटलं, इथं बसायचं नाही, उपासना चालू आहे.

तो म्हणाला, "आज वनी नाय गात?" वनी! म्हणजे सलगी बघा.

म्हटलं, नाही. ऊठ.

"पायरीवरच बसलोय ना, आबा," तो म्हणाला. "आत कुठं आलो?"

मी त्याचा दंड धरून उठवला आणि फाटकाबाहेर नेऊन सोडला. फार वजन नव्हतं त्याला. परत येऊन सहावं गीत धरलं. पंचांनी नंतर माझा हात हातात घेऊन आभार मानले. पाळकसाहेबांनी मानले नाहीत.

घरी आल्यावर सुनंदानं केकचा तुकडा समोर ठेवला आणि आत गेली.

३ जानेवारी, शनिवार

सकाळी कपिल आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. वनिताची वही हातात दिली. "तिनं दिली तुमाला. बोलली, तपासायची राहिलीय."

मी विचारलं, बरी आहे ना ती? म्हणाला, भातझोडणीला जाते लोकांकडं. वाडीतले तिला टोचून बोलतात, पत्र त्यांनीही बघितलंय.

चष्मा लावून बसलो. पानापानावर माझी लाल शाई, खाली माझी सही. शेवटच्या पानावर तिनं माझ्या पत्राच्या फोटोची छापील प्रत चिकटवली होती. आणि ती लाल पेनानं तपासली होती, मी तपासतो तशी. शब्दाखाली रेघ, शब्दावर काट, वर बारीक अक्षरात दुरुस्ती.

'सदर मुलगी' वर काट. वर लिहिलं होतं: वनिता.

'दारुड्या पुरुषांना' वर काट: माझ्या भावाला, पोशाला.

'भुलवून' वर काट. वर काहीच लिहिलं नव्हतं.

'खाऊ घालते' खाली रेघ: बरोबर हाय. दिवसभर उपाशी राहून काम करायचा.

समासात उभं लिहिलं होतं: मंगळवारी पीत नव्हता. सहा मंगळवार. आता रोज पितो.

'एक हितचिंतक' वर काट. मला वाटलं तिथं माझं नाव असेल. तिथं 'आबा' लिहिलं होतं.

आणि सगळ्यात खाली, माझ्या सहीच्या जागी: तपासले. वनिता.

त्या दिवशी ठाण्यात तिनं वही उघडली होती ती हातात काहीतरी धरायला नव्हे, माझं अक्षर पडताळायला. माझं नाव सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथं बदनामीतून सुटली असती, नोकरी वाचली असती, आणि मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नसतो. पोरगी हुशार नाही, असं मी माझ्या याच रोजनिशीत लिहून ठेवलंय. पानं उलटून वाचलं. इथून मागं बरंच काही वाचलं. एवढा क्षुद्र, एवढा दीडशहाणा माणूस एक्केचाळीस वर्षं चर्चात सगळ्यांच्या पुढं बसत होता आणि कोणी त्याला उठवलं नाही. आणि त्यानं पोशाला उठवलं.

कपिल अजून दारातच होता. विचारलं, पोशा कुठाय? म्हणाला, "असंल वाडीत. नाताळच्या दिवशी घरी येऊन रडत होता. बोलला, पायरीवरून पण उठवला."

सुनंदाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "पेन्शनला एवढं मोठं पत्र लिहितात होय? मला तवाच कळलं होतं. वाट बघत होते तुम्हाला कधी कळतंय."

पाळकसाहेबांना फोन केला. पत्र माझं, असं सांगितलं. मग म्हटलं, उद्या साक्षीच्या वेळी मी उठून हे सांगणार आहे, आणि त्यानंतर पेटीला दुसरा माणूस बघा. ते म्हणाले, "आणि तुम्ही, काका?"

म्हटलं, मी बाहेर पायरीवर बसतो. आत घ्यायचं की नाही ते मंडळीनं ठरवावं.

आता पळसदरीला निघतोय. वनिता दार उघडेल असं वाटत नाही. नाही उघडलं तर तिथंही पायरी असेलच.